'पोग्रोम'ला मराठीत काय म्हणावं? 'दंगल' चालेल का?

पानगळ
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी किशिनेव्हवरचा एक लेख मराठीत आणतेय. हे शहर आज मोल्दोवाची राजधानी आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. १९०३ च्या ईस्टरला तिथे ज्यूंवर दोन दिवस हल्ले चालले. मूळ लेखात त्यालाच 'पोग्रोम' म्हटलंय. ४९ जण मारले गेले, शेकडो जखमी झाले, घरं-दुकानं लुटली गेली. एका ख्रिस्ती मुलाचा खून ज्यूंनी धार्मिक विधीला रक्त हवं म्हणून केला, अशी आवई तिथलं एक वर्तमानपत्र आधीपासून उठवत होतं. मी सरळ 'किशिनेव्हची दंगल' लिहून मोकळी झाले. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी त्यावर लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'दुसरी बाजू कोणती?' तेव्हापासून अडकलेय. नेमका शब्द काय घेऊ?

साधी मराठी
'दंगल'च ठेवा. वाचक त्यातून जाळपोळ, लूट, मारहाण एवढंच घेतो, बाजू मोजत बसत नाही. 'वंशसंहार' वगैरे घडवलेले शब्द आले की माझ्या आईसारखी माणसं पान उलटतात. त्यांच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे.

शब्दवेल्हाळ
काकांचं बरोबर आहे. कुस्त्यांच्या फडालाही आपण दंगल म्हणतो. तिथे दोघे समोरासमोर उभे असतात. किशिनेव्हला दुसऱ्या दिवशी काही ज्यू काठ्या घेऊन स्वतःला वाचवायला जमले, तर पोलिसांनी त्यांनाच पांगवलं. शहरात हजारो सैनिक होते, त्यांना मात्र त्या संध्याकाळपर्यंत कुणी आवरायला पाठवलं नाही. याला दंगल म्हणायचं?
रशियनमध्ये 'ग्रोम' म्हणजे मेघगर्जना. त्याच कुळातलं 'ग्रोमित्' म्हणजे मोडतोड करत सुटणं, उद्ध्वस्त करणं. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि पुढे साम्राज्याच्या दक्षिण भागात ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. 'पोग्रोम' शब्द बाहेरच्या जगाला कळला तो तेव्हा. मेघगर्जना धरून मी 'वज्राघात' सुचवतो.

पानगळ
वज्राघात नको हो. वीज आपोआप कोसळते. इथे माणसं चालत आली, दारं फोडून आत शिरली. त्यांनी गाद्या-उशा फाडल्या, आणि ती पिसं रस्ताभर बर्फासारखी पसरली होती. त्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस थांबलेय. करणारा दिसेल असा शब्द हवा.

अष्टागर
'शिरकाण' का नको? 'ज्यूंचं शिरकाण' आपण लहानपणापासून वाचत आलोय.

साधी मराठी
ते हिटलरच्या काळासाठी वाचलंय. साठ लाखांनाही शिरकाण आणि ४९ लाही शिरकाण?

शब्दवेल्हाळ
शिवाय शिरकाणात तलवार दिसते, गॅसच्या कोठड्या दिसत नाहीत. पण हिटलरच्या त्या संहाराला जगभर वापरतात तो 'होलोकॉस्ट'ही मला खटकतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'पूर्ण जाळलेला बळी', म्हणजे देवाला दिलेली आहुती. मराठीत होम आणि आहुती हे पवित्र शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला तो जास्तच टोचायला हवा. हिब्रूत 'शोआ' म्हणतात, म्हणजे महासंकट. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलणारे 'खुर्बन' म्हणत, म्हणजे विध्वंस. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसालाही तोच शब्द होता.

अष्टागर
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातली. आजी रेवदंड्याकडची. तिच्या तोंडी यातला एकही शब्द नव्हता, कारण आमच्यावर इथे तशी वेळच आली नाही. गावात आम्ही 'शनवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवणारे. प्रार्थनेच्या जागेला आजी 'मशीद'च म्हणायची, 'सिनेगॉग' मी शाळेत शिकले. गरजच पडली नाही तर भाषेत शब्द येणार कुठून?

मांडवीकाठ
ताई, कोकणापुरतं खरं आहे. पण थोडं खाली गोव्यात या. पोर्तुगालने १४९७ मध्ये ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती केलं, आणि त्यांच्या वंशजांवर पुढे कायम संशय राहिला. त्यांतलाच वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहिला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, इथे जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. कोकणीत नि मराठीत त्याला वेगळा शब्द नाही, पण घडलं ते आपल्याच किनाऱ्यावर.

अष्टागर
हे माहीत नव्हतं. मी लिहिलेलं अपुरं होतं. 'इथे'च्या जागी 'आमच्या गावात' वाचा.

पानगळ
याच लेखात 'घेटो'ही आलाय. 'गावकुसाबाहेरची वस्ती' केलं तर?

शब्दवेल्हाळ
नाही चालणार. गावकुसाबाहेर म्हणजे गावाने बाहेर ठेवलेलं. घेटो भर शहरात होता. व्हेनिसने १५१६ मध्ये ज्यूंना एका बेटावर राहायला लावलं. रात्री फाटकं बंद व्हायची आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनाच भरावा लागे. तिथे आधी ओतशाळा होती. तिला व्हेनिसच्या बोलीत 'जेतो' म्हणत, त्यावरून नाव पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी तरी 'कोंडवाडा' लिहीन.

साधी मराठी
कोंडवाडा हा खराखुरा आपला शब्द. माझं मत त्याला.

अष्टागर
माझं नाही. कोंडवाड्यात मोकाट गुरं घालतात. माणसांना तो शब्द लावू नका.

शब्दवेल्हाळ
त्यांना वागवलंच तसं, ते शब्दात का येऊ नये?

अष्टागर
मग तुम्ही कोंडणाऱ्याच्या नजरेने बघताय. आणि तसंही तो शब्द खोटा पडतो. आमच्या गावी दंड भरला की गाय सोडवून आणता यायची. हिटलरच्या काळात पोलंडमधल्या वॉर्साच्या घेटोत भिंतीआड चार लाखांहून जास्त माणसं होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या अडीच लाखांहून जास्त जणांना गाड्यांत भरून ट्रेब्लिंकाच्या नात्झी छावणीत मारायला नेलं.

मांडवीकाठ
मग 'घेटो' तसाच राहू दे. 'टेबल' घेतलं, 'स्टेशन' घेतलं, हाही घेऊ.

पानगळ
'घेटो' तसाच ठेवते. पण मूळ अडचण आहे तिथेच आहे, आणि अंक शुक्रवारी छापायला जातोय. 'दंगल' खोडलीय, ती जागा अजून कोरी आहे. 'ज्यूंवरचा हल्ला' लिहिलं तर त्यात ते दोन दिवस मावतात का?