सिकलसेल: आधी कार्ड की आधी औषध?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

भारतात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली नोंद १९५२ साली नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली, आणि राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू व्हायला १ जुलै २०२३ उजाडावा लागला. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीला माझा विरोध नाही; तिचा निकाल रंगीत कार्डावर मिळतो. परंतु ‘लग्नाआधी कार्डे जुळवा’ या संदेशावर जितका भर दिसतो, तितका आज दुखणे सोसणाऱ्यांच्या औषधावर दिसत नाही, हा माझा आक्षेप आहे.

आमच्याकडे पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोटरीभर गार पाण्यात दिवसभर वाकून काम करावे लागते. थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे या तिन्हींमुळे सिकलसेलच्या वेदना उसळतात. माझ्या गावातली एक मुलगी दोन दिवस रोवणीला जाते आणि तिसऱ्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. तिच्याकडे रुग्णाला मिळणारे लाल कार्ड आहे. वेदनांचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल मात्र जवळच्या केंद्रात कधी असतात, कधी नसतात. कार्डामुळे तिचे दुखणे थांबले नाही. तिला आलेली मागणी तेवढी परत गेली.

तपासनीस

धागाकर्त्यांची कळकळ पोहोचली, निष्कर्ष मात्र पटला नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांतही सिकलसेलचा एकेक दोषी जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय त्याला ते कळणार कसे? शिवाय हायड्रॉक्सियुरिया ही डोकेदुखीची गोळी नव्हे. ते सुरू केले की ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर ते थांबवावे लागते. जिथे ही मोजणी होत नाही, तिथे नुसत्या कॅप्सूल वाटणे धोक्याचे आहे. सायप्रसने थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह धरला आणि आजारी बाळांचे जन्म जवळजवळ थांबवले, हे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

वैनगंगाकाठ

सायप्रसचे उदाहरण अर्धेच सांगितलेत. तिथल्या वाहक जोडप्यांनी बहुतेक वेळा लग्न मोडले नाही. त्यांना गर्भाची तपासणी करून घेण्याची आणि गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याची सोय मिळाली, म्हणून तो आकडा खाली आला. याउलट ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात १९७० च्या दशकात याच सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हा वाहकांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आणि काहींनी आपण वाहक असल्याचे लपवले. मोजणीची सोय नाही हा तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे: मग आधी ती सोय उभी करा.

सातदेवे

मी गोंड आहे, सात देववाल्यांपैकी. आमच्यात चार, पाच, सहा, सात अशी देवांची संख्या पाहून सोयरीक ठरते, आणि समान देवांची कुळे एकमेकांची भाऊबंद मानली जातात. त्यामुळे लग्न जुळवताना ‘हे चालते, हे चालत नाही’ असे विचारणे आम्हाला नवे नाही. त्यात कोणाचा अपमानही होत नाही, कारण तो नियम दोन्ही घरांना सारखा लागू असतो. कार्डाचे तसे नाही. मी पाहिलेल्या सोयरिकींत कार्ड मुलीचेच मागितले गेले, मुलाचे कोणी काढून दाखवले नाही. वाहकाचे लग्न बिगरवाहकाशी झाले तर मूल सिकलसेलग्रस्त होत नाही, हे एक वाक्य समुपदेशनात नीट सांगितले असते, तर वाहकाला मिळणारे पिवळे कार्ड म्हणजे आजार हा समज गावोगाव पसरला नसता. आणखी एक. हा केवळ ‘आदिवासींचा आजार’ नाही. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर समाजांतही आहे, हेही लिहायला हवे होते.

तपासनीस

मुलाचे कार्ड आधी मागावे, हे मला मान्य आहे. मात्र कार्डच नको, हे अजूनही मान्य नाही. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे नवजात बाळे. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) सहा महिन्यांखालच्या बाळात भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात बहुतांशी गर्भावस्थेतलेच हिमोग्लोबिन असते. त्यासाठी टाचेचे थेंबभर रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवावे लागते. आजार तेव्हाच कळला, तर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस देऊन पुष्कळ मुले वाचवता येतात. इथे लग्नाचा प्रश्न नाही, कार्डाचाही नाही. धागाकर्त्यांच्या तालुक्यात बाळंतपणानंतर ही तपासणी होते का?