केमोब्रेनला मराठीत काय म्हणावं?

पत्रकी: स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या ६५ च्या पुढच्या बायकांसाठी माहितीपत्रक चाललंय. त्यातल्या ‘केमोब्रेन’चा (कॅन्सरच्या उपचारांनंतर डोकं पूर्वीसारखं चालत नाही, ती तक्रार) मुद्रितशोधकांनी ‘स्मृतिभ्रंश’ केलाय. वाचून घरचे हाय खातील. दुसरं काही सुचवा.

तिरफळ: स्मृतिभ्रंश नकोच, तो डिमेन्शियासाठी रुळलाय. इथे आठवणी पुसल्या जात नाहीत. लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो, शब्द ओठांवर येऊन अडतो. हिशेब येतो, पण मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

शुद्धमती: ‘बोधनिक क्षीणता’. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘कॉग्निटिव्ह’ला, म्हणजे विचार-आकलनाशी निगडित या अर्थी, ‘बोधनिक’ आहे. इंग्रजी शब्द नागरीत लिहिला म्हणून तो मराठी होत नाही.

तिरफळ: मग ‘रसायनोपचार’ही लिहा! वॉर्डात आयापासून डॉक्टरांपर्यंत सगळे ‘केमो’च म्हणतात. माझं मत ‘डोक्यावरचं मळभ’ला. मल + अभ्र, किती नेमका.

शुद्धमती: ‘मळकट आभाळ’ कुणाच्या डोक्यावर छापणार? शिवाय मळभ सरतं. काहींना हा त्रास वर्षानुवर्षं राहतो.

नाडीपरीक्षा: मुळात ‘केमो’च दिशाभूल करतो. हीच तक्रार हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायका करतात, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं घेणारे पुरुषही करतात. काही रुग्णांच्या चाचणीत तर केमोच्या आधीच घट दिसते. दोष केमोच्या माथी मारला की बाकीचं कुणी शोधत नाही: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, झोप, उदासी, कमी ऐकू येणं. सर्दी-खाजेची गुंगी आणणारी जुनी गोळी आणि झोपेची गोळी या दोघी तर हमखास नजरेतून सुटतात. पत्रकात ठळक छापा: चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, मनाने काही बंद करू नका. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, दिवस-रात्र कळेना, तर ते हे दुखणं नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पत्रकी: हे घेते. चाचणीबद्दलही एक ओळ आहे, ‘मोका’त (स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी छोटी चाचणी) ३० पैकी २६ म्हणजे ठीक. ठेवू?

नाडीपरीक्षा: एकटी नको. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर त्यात एक गुण वाढवून देतात, ते लिहा. आणि पूर्वी तल्लख असलेल्या बाईला २७ मिळाले तरी तिची तक्रार खोटी ठरत नाही. ही चाळणी ढोबळ आहे, सूक्ष्म घट तिच्यातून निसटते.

बाराखडी: त्यातच मिनिटभरात एका अक्षरावरून शब्द सांगायचे असतात, ११ झाले की गुण. इंग्रजीत अक्षर सुटं असतं. आपल्याकडे ‘क’ म्हटल्यावर ‘कुत्रा’ धरायचा की फक्त ‘कमळ’, ‘कपाट’?

शुद्धमती: ‘कु’ हे वेगळं अक्षर. धरू नये.

तिरफळ: अहो, कोशात कुत्रा ‘क’खालीच सापडतो!

नाडीपरीक्षा: काहीही धरा, पण सूचना सुरुवातीला एकदाच आणि सगळ्यांना सारखी द्या. शाळा न पाहिलेल्या आजींना अक्षरच विचारू नये, ६० सेकंदांत भाज्या किंवा प्राणी सांगायला लावावेत. फक्त ते गुण ‘मोका’त मिळवू नका.

बाराखडी: भाज्यांत कोथिंबीर धरायची का?

शुद्धमती: कोथिंबीर मसाल्यात.

तिरफळ: मग कोथिंबीरवडी कशाची?