उरलेली तिकिटंच जास्त बोलतात

वर एकांनी लिहिलंय की डिस्नीलँडच्या जुन्या तिकीटपुस्तिकेत ‘ई’ तिकीट शिल्लक नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही. मला हे अजिबात पटत नाही. या पुस्तिकेत राइड्सच्या दर्जाप्रमाणे ‘ए’, ‘बी’ अशा अक्षरांची तिकिटं असायची. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न (डोंगरातून धावणारी रोलरकोस्टर), मोनोरेल आणि पाणबुडी या राइड्स आल्या तेव्हा ‘ई’ सुरू झालं. सगळ्यात भारी राइड्सचं तिकीट ते, म्हणून सगळ्यात आधी संपायचं. मागे राहायची ‘ए’ आणि ‘बी’. माझ्याकडची पुस्तिका तशीच आहे: पिनेपाशी फाटलेल्या तिकिटांच्या दातेरी कडा, आणि मागे मेन स्ट्रीटच्या घोडागाडीचं कोरं ‘ए’. त्या कडांवर बोट फिरवलं की कुणाचा तरी अख्खा दिवस हाताला लागतो.

आणि १९८२ मध्ये या पुस्तिका बंद झाल्या तरी ‘ई तिकीट’ हा शब्द ‘सगळ्यात भारी अनुभव’ या अर्थाने टिकला. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या अमेरिकन अंतराळवीर सॅली राइडने आपल्या उड्डाणाला ‘ई तिकीट’च म्हटलं होतं. पाणबुडीची राइड मात्र १९९८ मध्ये थांबली ती २००७ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातला मासा निमो घेऊनच परतली. डिझेल गेलं, वीज आली. तळं तेच आहे, याचं मला फार समाधान वाटतं.