लेट्रोझोल: ९व्या दिवशी फॉलिकल १० मिमी, म्हणजे गोळी लागू पडली नाही का?

सायली_र: पीसीओडी आहे (बीज वेळेवर सुटत नाही), पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन हे हार्मोन नॉर्मल. नवऱ्याची वीर्यतपासणीही चांगली. दिवस राहावेत म्हणून डॉक्टरांनी बीज तयार करणारी लेट्रोझोल २.५ मिग्रॅ दिली, पाळीच्या २ऱ्या दिवसापासून ६व्यापर्यंत रोज एक. ९व्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल (बीज वाढतं ती अंडाशयातली पिशवी) उजवीकडे १० मिमी, डावीकडे बारीक बारीक बरेच, गर्भाशयाचं अस्तर ५.५ मिमी. आता १२व्या दिवशी बोलावलंय. गोळ्या वाया गेल्या का? शिवाय पाकिटातल्या कागदावर हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं छापलंय, ते वाचून सासूबाई घाबरल्यात. आणि ओव्ह्युलेशन किट (बीज सुटायचा दिवस घरी बघायचं) आणू का?

कृष्णाकाठ: वाया नाही गेल्या. एकच आकडा बघून काही ठरत नाही, दोन तपासण्यांमधली वाढ बघायची असते. १० मिमीच्या पुढे गेलेलं फॉलिकल साधारण दिवसाला दीड-दोन मिमीने वाढतं. १२व्या दिवशी १४-१५ दिसलं तर गाडी रुळावर आहे. तिथेच अडकलं असेल, तर तीन-चार दिवसांनी परत बघतात, कारण पीसीओडीत उशिरा वाढणारी फॉलिकल्स असतात. तरीही हललं नाही तर पुढच्या वेळी ५ मिग्रॅ, मग ७.५. डोस आपल्या मनाने वाढवू नका. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोनही घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. पुढच्या वेळी दिवस मोजताना नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरा, आधीचे डाग धरू नका.

रानजाई: सासूबाईंना असं सांगा. ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन बनणं थोपवते. पाळी गेलेल्या बायकांच्या कर्करोगात ती म्हणूनच देतात, पण रोज, वर्षानुवर्षं. इथे फक्त पाच दिवस. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन वाढवते आणि त्यावर फॉलिकल वाढतं. दर दोनेक दिवसांनी औषध रक्तात निम्मं होतं, त्यामुळे गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत फारसं उरत नाही. भारतात २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. अमेरिकेत पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) असलेल्या ७५० जणींवर चाचणी झाली, २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफीन या बीज तयार करणाऱ्या जुन्या गोळीवर १९.१ टक्के. क्लोमिफीन शरीरात जास्त दिवस रेंगाळतं, काहींचं अस्तर पातळ करतं. मात्र गरोदरपणात लेट्रोझोल चालत नाही. पाळीत रक्तस्राव अगदीच कमी झाला असेल, तर गोळी सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट कराच.

अंगणवेल: किटवर पैसे घालू नका. किट एलएच हे हार्मोन बघतं, पीसीओडीत ते मुळातच जास्त असू शकतं, मग रेघ चार-चार दिवस गडद येते आणि नेमका दिवस कळतच नाही. सोनोग्राफी चालू आहे ना, तीच धरा. फॉलिकल १८-२० झालं की बहुतेक ठिकाणी बीज सुटण्यासाठी एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन देतात, ५००० किंवा १०००० युनिट. त्यानंतर साधारण ३६ ते ४० तासांत बीज सुटतं. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. इंजेक्शनची वेळ लिहून ठेवा.

लोक हमखास चुकतात ते इथे: इंजेक्शनमधलं एचसीजी घरच्या टेस्टमध्ये खोटी रेघ दाखवतं, म्हणून १४ दिवस टेस्ट करू नका. बीज सुटलं का हे बघायची प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी "२१व्या दिवशी" हे २८ दिवसांच्या पाळीला. तुम्ही बीज सुटल्यावर ७ दिवसांनी करा. ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं की बीज सुटलं. त्या दिवसांत डोकं-कंबर दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा, त्यांनी फॉलिकल न फुटता तसंच राहू शकतं.

सायली_र: १२वा दिवस: उजवा १५, डावीकडे मोठं काही नाही, अस्तर ७.२. परवा परत.

कृष्णाकाठ: छान वाढ आहे. मोठं एकच आहे, म्हणजे जुळ्यांची शक्यता कमी. परवा १८ च्या आसपास यावं. फॉलिक ॲसिड चालू आहे ना? रोज ४०० मायक्रोग्रॅम तरी हवं. इंजेक्शननंतर पोट खूप फुगलं, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. तीन-चार पाळ्यांत बीज नीट सुटूनही दिवस राहिले नाहीत, तर पुढच्या गोळ्यांआधी गर्भनळ्यांच्या तपासणीचं विचारून घ्या.