मांजरे पोत्यात भरून सोडून देण्याच्या प्रस्तावाविषयी

रानभैरी :
काल 'स्पष्टवक्ता' यांनी येथे लिहिले, "सोसायटीतील मांजरांचा प्रश्न एका रविवारात सुटतो, दोन पोती, एक टेम्पो आणि खडकवासल्याच्या पुढची मोकळी जागा एवढेच लागते." या वाक्याला जी दाद मिळाली ती पाहून गप्प बसवले नाही.

मांजरे आपल्या आवारात राहतात ती उघड्या कचराकुंडीमुळे आणि वाहनतळाच्या आडोशामुळे. हे दोन्ही तसेच ठेवून मांजरे तेवढी हलवली, तर शेजारच्या आवारातील बोके ती जागा घेतात आणि हाती न लागलेली एखादी भाटी, म्हणजे मादी मांजर, उरलेले काम करते. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे दिवस वर्षभर जवळपास सारखाच मोठा असल्याने थंड प्रदेशातल्यासारखा मधला खंडही फारसा पडत नाही. नेलेली मांजरे मात्र अनोळखी हद्दीत तिथल्या बोक्यांचा मार खातात, उपाशी राहतात आणि परतीच्या वाटेवर वाहनांखाली जातात.

खरा उपाय कंटाळवाणा आहे : पिंजऱ्यात पकडून नसबंदी करणे, रेबीजची लस देणे, ओळखीसाठी कानाचे टोक छाटणे आणि जिथून नेले तिथेच सोडणे. हे थोड्या अवधीत आणि बहुतेक सर्व माद्यांच्या बाबतीत झाले, तरच संख्या उतरते. अधूनमधून एखादे मांजर दवाखान्यात नेऊन त्याची छायाचित्रे टाकल्याने पुण्य लाभत असेल. पिल्ले कमी होत नाहीत.

स्पष्टवक्ता :
आपले जीवशास्त्र मान्य आहे. माझ्या दारातील पायपुसणे रोज कोण धुते, हा प्रश्न त्यात आला नाही. बोका जिन्यात लघवीचे फवारे मारतो आणि माझ्या दम्याच्या आजारी आईला दार उघडे ठेवता येत नाही, हे भूतदयेच्या निबंधात बसत नाही.

शिवाय आपली बाजू वाटते तितकी भक्कम नाही. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका विद्यापीठाच्या आवारात नसबंदीचा हा प्रयोग ११ वर्षे चालला आणि मांजरांची संख्या ६६ टक्क्यांनी घटली, असे आपली मंडळी उत्साहाने सांगतात. तेथील १५५ मांजरांपैकी ४७ टक्के लोकांनी घरी नेली होती, हे सांगताना मात्र आवाज खाली जातो. आपल्या सोसायटीतील किती मांजरप्रेमी एक तरी मांजर स्वतःच्या घरात घेणार आहेत?

तळमजला :
मांजरे नेण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी तळमजल्यावर राहून पाहावे. आमच्या आधीच्या सोसायटीने मांजरे हाकलली आणि त्या पावसाळ्यात घुशींनी मीटरखोलीतील वायरी कुरतडल्या. येथील समितीनेही गटाराची जाळी कधी बदलली नाही. देखभालशुल्क मात्र वेळेवर वाढवले.

पशुवैद्य_सातारा :
घुशींसाठी मांजरे ठेवावीत, हा युक्तिवाद मला पटत नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे कचऱ्याच्या एका केंद्रात अभ्यासकांनी कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिले. भटक्या मांजरांनी त्या काळात दोनच उंदीर मारले. उंदीर दिसेनासे झाले होते, परंतु ते लपले होते, संपले नव्हते. किलोभर वजनाच्या घुशीला बहुतेक मांजरे अंगावरही घेत नाहीत. त्यापेक्षा चिचुंदऱ्या, पाली आणि बुलबुलांची पिल्ले त्यांना सोपी पडतात.

तळमजला :
परदेशातील उंदीर मोजून आमच्या मीटरखोलीचा निकाल लावणाऱ्या विद्वत्तेपुढे हात टेकले. आमच्या जुन्या बोक्याने घूस मारून आणलेली मी स्वतः पाहिली आहे.

पशुवैद्य_सातारा :
तो बोका अपवादात्मक शूर असेल, त्याचा मान राखतो. घुशींचे बीळ मात्र गटाराच्या तुटलेल्या जाळीपाशीच असते आणि ती जाळी बोका बसवून देत नाही.

तळमजला :
जाळीची तक्रार मीच केली होती! दोन सचिव बदलले, जाळी बदलली नाही. आम्ही वायरींचा खर्च सोसायचा आणि साताऱ्याहून आम्हालाच उपदेश, हे भलतेच आहे.

दूधभात :
सर्वांनी घुशींवरून मांजरांकडे परत यावे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार परिसरातील प्राण्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करणे ही रहिवासी संघटनेचीच जबाबदारी आहे. आम्हाला रात्री धमकावणाऱ्यांनी तो नियम वाचावा. तसेच 'विषाचे बघू' असे सभेत पुटपुटणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ वाचावे. प्राण्याला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

स्पष्टवक्ता :
विषाची भाषा मी केलेली नाही आणि करणारही नाही. तोच नियम पुढे असेही सांगतो की, खाण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर असावी आणि घाण राहू नये. आपण दूधभात जिन्याखाली ठेवता, तो सकाळपर्यंत आंबतो आणि त्यावर मुंग्यांची रांग लागते.

रानभैरी :
येथे 'स्पष्टवक्ता' यांचे म्हणणे मान्य करावे लागते, हे मला फारसे रुचत नाही. नसबंदीवाचून नुसते खाऊ घालणे म्हणजे पिल्लांची पैदास पोसणे होय. त्यातली बरीचशी पिल्ले सर्दी-पडसे, आतड्यांचे आजार आणि गाड्यांच्या चाकांखाली सहा महिन्यांची होण्याआधीच मरतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाणे देऊन अर्ध्या तासात भांडी उचलली, तर मांजरांना वेळेची सवय लागते आणि पिंजरा लावणेही त्यामुळेच शक्य होते. जे खाऊ घालतात त्यांनीच पकडण्याच्या दिवशी हजर राहावे, कारण आदल्या रात्री कोणी गुपचूप मासळी टाकली, तर भरल्या पोटाचे मांजर पिंजऱ्याकडे फिरकत नाही आणि फिरकलेच, तर त्याला भूल देणे धोक्याचे ठरते.

दूधभात :
टोमणा कळला. जिन्याखालची जागा सोडते, पण समितीने जनरेटरच्या मागची जागा लेखी द्यावी. तोंडी आश्वासने पुष्कळ ऐकली आहेत.

स्पष्टवक्ता :
पोत्यांऐवजी पिंजऱ्यांना वर्गणी देतो. भूतदयेचा झटका आला असे कोणी समजू नये. टेम्पोचे भाडे वाचले. अट एकच : आधी त्या फवारे मारणाऱ्या बोक्याचा क्रम लावावा.

पशुवैद्य_सातारा :
खच्चीकरणानंतर बोक्याचे फवारे आणि भांडणे बहुधा कमी होतात, पण काही आठवड्यांनी. शिवाय जुन्या बोक्यांची सवय कधीकधी राहते. संख्येच्या दृष्टीने मात्र माद्या आधी घ्याव्या लागतील. पिंजऱ्यात आलेल्या भाटीचे आचळ भरलेले दिसले, तर तिची पिल्ले जवळपास कोठे आहेत हे पाहिल्याशिवाय तिला हलवू नये. डोळे न उघडलेली पिल्ले मागे राहिली आणि आई दवाखान्यात अडकली, तर ती भुकेने मरतात. पिल्ले आठ आठवड्यांच्या आतील असतील, तर ती माणसाळण्याची शक्यता बरीच असते, आणि घरे शोधायची तर ती तेव्हाच. फ्लोरिडाच्या आकड्यांचा 'स्पष्टवक्ता' यांनी काढलेला अर्थ आपल्याला उपयोगी आहे तो याच ठिकाणी.

तळमजला :
भाटी जाळीपाशीच व्याली आहे. म्हणजे जाळी आता तरी कोणी पाहील.