गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, वस्ती १,८०० ची. यंदा ग्रामपंचायत विकास आराखड्यात पाण्याचा ताळेबंद घालायचं ठरलंय आणि आकडेमोड माझ्या गळ्यात पडलीय.

जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरने धरलं तर गावाला दिवसाला ९९,००० लिटर लागतं, म्हणजे वर्षाला जेमतेम ३६ टीसीएम (हजार घनमीटर). एवढं पाणी दोन हेक्टर उसालाही पुरायचं नाही! हे ग्रामसभेत म्हटलं की बागायतदार उठून जाणार, हे आत्ताच सांगतो.

पण घरातही आनंदच आहे. नळ चौथ्या दिवशी येतो. आला की आमची आई भरलेली दोन पिंपं 'शिळं पाणी' म्हणून मोरीत उपडी करते आणि पुन्हा काठोकाठ भरते. शेजारच्या नळाला तोटीच नाही, चिंधी कोंबलेली असते.

तर विचारायचं असं, की पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो, १ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर हेही ठाऊक आहे, पण त्यातलं मुरतं किती ते कसं धरता? विहिरींची पातळी दोरी सोडून मोजली तर चालते का? हिवरे बाजारसारखं पाणी बघून पीक ठरवणं तुमच्याकडे कुणी जमवलंय का? आणि घरोघरी मीटर बसवलेत, त्यांनी पट्टी कशी आकारली? ठरावाचा मसुदा असेल तर कृपया टाका, ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.