नसेल्ट अंक (नळीकडून पाण्याला उष्णता किती चांगली जाते ते दाखवणारा आकडा) ४.३६ ऐवजी ७.५ का येतोय?

प्रश्न: तांब्याची नळी, आतला व्यास १० मिमी, लांबी १ मी., बाहेरून हीटर टेप २०० वॅट. पाणी २५ अंशांना, रेनॉल्ड्स अंक १००० (म्हणजे संथ, थराथराचा प्रवाह). सरासरी नसेल्ट ७.५ येतो. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बिघडलेत का?

उत्तर १: थर्मोकपलला उगाच दोष देऊ नका. औष्णिक प्रवेशलांबी (पाण्यातली तापमानाची मांडणी स्थिरावायला लागणारं नळीतलं अंतर) = ०.०५ × रेनॉल्ड्स १००० × पाण्याचा प्रांटल अंक ६ × व्यास १० मिमी, म्हणजे ३ मी. तुमची नळी १ मीटरच! तिथे सरासरी ७.५च्या आसपासच यायची. ४.३६ हा आकडा त्या अंतरापुढच्या, पूर्ण विकसित प्रवाहाचा.

उत्तर २: तरी ऊर्जेचा ताळा घ्याच. वजनकाट्यावरच्या बीकरमध्ये पाणी सोडून प्रवाह मोजा, तो सेकंदाला ७ ग्रॅम भरायला हवा. मग पाणी साधारण ६.८ अंश तापेल. कमी तापलं, तर उष्णता बाहेर गळतेय. आणि नळीच्या वर-खाली दोन्हीकडे थर्मोकपल लावा. गरम पाणी वर चढून वाचन फसवतं.